मामांच्या ओट्याला लागलेला भोवरा

घोडा पारखावा तसं लाकूड पारखणारा माझ्या मामांसारखा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल! उभा जन्म सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांची दलाली करण्यात गेलेला. घोड्यालाच मोटार समजण्याचा तो काळ. मामींनाही घोड्यांचं भारी वेड. पण त्यांचे गुडघे धरले, जत्रेला जाणं संपलं आणि कुंपणापलीकडून जत्रेला जाणारे घोडे बघायला घराच्या धाब्यावरची शिडीही चढवेना. तेव्हा मामांनी जाहीर केलं, "दत्तजयंतीनी जत्राना पहिले तुन्हासाठे दारशी लाकडी ओटा बांधस. बठ्या बठ्या घोडा दख!"

झालं! सातपुड्यातून गाड्या भरभरून फळ्या येऊ लागल्या. मामा उपरणं कमरेला बांधून प्रत्येक फळीच्या पुठ्ठ्यावर थाप मारत, वाकून तिची चाल बघत. बाभूळ त्यांना तापट वाटली, उन्हात अंग टाकणारी. अंजनाचं लाकूड तर पक्कं अडेल. "खिळाले लाथ मारस!" म्हणाले, आणि सुताराचे वाकलेले खिळे पाहता ते खोटं नव्हतं. सागावर मात्र जीव जडला. घरंदाज जात! पण सागाला गाठी असतात, आणि मामांच्या लेखी ती गाठ म्हणजे घोड्याच्या अंगावरचा केसांचा भोवरा. डोळ्याखाली भोवरा असलेला घोडा घरात रडं आणतो, मग फळी कशी चालेल? फळीचा डोळा कुठे, हे अर्थात मामाच ठरवत. सुतार बिचारा म्हणाला, "दादा, फिरायी लावू." मामा कडाडले, "म्हंजे भवरा शेपटाकडे? मंग ते आनखी वंगाळ!"

नाकारलेल्या फळ्या दाराशी रचल्या जात होत्या. कुंपणाएवढा ढीग झाला, जत्रेचा दिवस उजाडला, आणि ओट्याचा अजून खांबही नव्हता. मामा तोंड लपवत फिरत होते. तेवढ्यात वाटेवर टापा वाजल्या. मामींनी माझा खांदा धरला, फळ्यांच्या पायऱ्या करत करत थेट माथ्यावर जाऊन बसल्या. समोर सगळी जत्रा! पांढरे, तांबडे, काळे, नुसते घोडेच घोडे! मामी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या. मामा धावत आले. "उतर! त्या फळीना डोयाखाले भवरा शे!"

"आवो, तुमना ओटा जधय व्हई तधय व्हई," मामी म्हणाल्या, "मी आठेच बठस."

मग मामाही शेजारी चढले. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मीही टाळ्या वाजवल्या. पुढे दर जत्रेला दोघं तिथेच बसत. ओटा कधी झाला नाही.

मामी गेल्या त्या वर्षी जत्रेच्या सकाळी मी मुद्दाम गेलो. मामा ढिगावर होते. ती भोवऱ्याची फळी त्यांनी उपरण्यानं पुसली होती आणि स्वतः बाजूच्या फळीवर बसले होते. घोडे आले तसे ते रिकाम्या फळीकडे वळून म्हणाले, "दख वं, तो धवळा कसा नाची ऱ्हायना!"