माणिकबाईची चूल

वकिली सोडून मला दहा वर्षं झाली, म्हणजे खोटं बोलायची गरज संपली. तेव्हा सांगून टाकतो, माणिकबाईची चूल झाकायचा सल्ला माझा होता.

साल एकतीस. मूर्तिजापूरजवळ भाजीपाल्याचा मळा असलेला किसनराव अकोल्याला जठारपेठेतल्या माझ्या बैठकीत जोड्यासकट शिरला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "वकीलसाहेब, तोडू का झाकू, थे सांगा."

किसनराव आणि त्याचा धाकटा भाऊ शालिकराम आठ वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. कागद काही नाही, तोंडी वाटणी. घर एकच राहिलं, पण चुली दोन झाल्या. कारण किसनरावाची बायको पार्बताबाई. तिला धाकटी जाऊ माणिकबाई पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. पुढे शालिकराम तापानं गेला. "एकट्या बाईनं कायले चूल पेटवावी? आमच्यातच जेव," असं किसनराव गोड बोलला, आणि माणिकबाईची चूल दोन वर्षं थंड पडली. मग तिनं नवऱ्याचा अर्धा मळा मागितला, तेव्हा हा म्हणाला, कसला अर्धा? आम्ही एकत्रच होतो. भाऊ मेला, मळा माझा. विधवेला अन्नवस्त्र मिळेल.

तेव्हाच्या कायद्यानं बरोबर होतं. फक्त ती चूल आडवी येत होती. वेगळी चूल म्हणजे वाटणी झाल्याचा पुरावा, आणि दुसरा पुरावा तिच्याकडे नव्हता. मळ्यांच्या पाण्याची पाळी किसनरावाच्या हातात, त्यामुळे गावात कुणी साक्षीला उभं राहीना.

"तोडू नका," मी म्हटलं. "ताजी माती लगेच दिसते. पुढे धान्याची कोठी ठेवा. सापडलीच, तर ढोरांची सरकी शिजवायची चूल म्हणून सांगा."

माणिकबाई मला आवडत नव्हती, हेही सांगतो. काळी, ठेंगणी, फाटक्या तोंडाची. मूर्तिजापूरच्या बाजारात वांगी विकायची, आणि कुणी भाव पाडला तर त्याच्या सात पिढ्या काढायची. दिवसभर मळ्यात राबून संध्याकाळी जाऊ दारातूनच पुढे सरकवील ती भाकर खायची. एवढं करून कधी रडली नाही. रडली असती तर कदाचित मला दया आली असती.

तिनं दावा लावला, तेव्हा घर पाहायला कोर्टानं कमलाकांत नावाच्या तरुण वकिलाला कमिशनर म्हणून पाठवलं; किसनरावाचा वकील म्हणून मीही हजर होतो. माणिकबाईनं सरळ कोठीकडे बोट केलं. चार माणसांनी कोठी सरकवली. मागे चूल.

"थे ढोराची सरकी शिजवाची चूल हाये," किसनराव म्हणाला.

"सरकीची चूल लपवता कशाला?"

"लपवली कुठं? जागा नाही, म्हून कोठी ठेवली."

कमलाकांतनं तसंच लिहिलं. मी मिशीत हसलो.

माणिकबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे, म्हणून भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "खरं हाये, सायेब. सरकीचीच. मी तं जाऊबाईच्या चुलीवर रांधलं. थिले कुठं भाकर येते? आठ वर्षं थिच्या नवऱ्याले माह्याच हातची भाकर गोड लागे."

पार्बताबाई दारात उभी होती. ती अशी पेटली की मी हात वर केला तो तिला दिसलाच नाही.

"माह्या चुलीले हात? हिचा? अवं सटवे! सायेब, झूट बोलून राहिली थे! माह्या सयपाकघराचा उंबरठा हिले ओलांडू देल्ला नाही मी! आपल्या नवऱ्याचं इथंच रांधलं हिनं, ह्याच चुलीवर! इचारा साऱ्या गावाले!"

"पार्बता!" किसनराव ओरडला.

"तुमी गप राहा! हिच्या हातची भाकर गोड लागे काय तुमाले?"

कमलाकांत खाली मान घालून भराभर लिहीत होता. लिहून झाल्यावर माणिकबाई म्हणाली, "सायेब, वाचून दाखवा. जाऊबाईचं नाव खराब व्हाले नको."

त्यानं शब्द न् शब्द वाचला. प्रत्येक वाक्याला पार्बताबाई मान हलवत होती. मग त्यानं शाईची डबी पुढे केली आणि तिनं रागारागानं, कागद फाटेल इतक्या जोरात अंगठा उठवला. त्यानंतर तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

अर्धा मळा गेला होता.