उलटा छापलेला डोंगर

प्रत्येक स्टुडिओत एक खण असतो. लोक हौसेनं फोटो काढतात, पावती खिशात घालतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. ते न नेलेले फोटो त्या खणात साठत जातात. किश्श्यांचंही तसंच. घडतात एकाच्या बाबतीत, पडून राहतात दुसऱ्याकडं! आमच्या डबा मंडळाचे असे बरेच माझ्याकडं आहेत. ज्यांचे आहेत ते न्यायला येणार नाहीत. कारण बहुतेकांत ते तोंडावर पडलेले आहेत.

मंडळ चौघांचं. अण्णा, म्हणजे कोल्हापुरात ज्यांच्या स्टुडिओत मी कामाला होतो ते. भूगोलाचे रिटायर सर. दवाखान्यातल्या कांबळे सिस्टर. आणि मी. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला म्हणून सगळे मला ‘डिप्लोमा’ म्हणायचे. ज्याच्याकडं जे नाही त्याच नावानं त्याला हाक मारायची, ही मोठ्या माणसांची करमणूक!

घरी वडलांनी फर्मान काढलेलं, दिवाळीपर्यंत धड काही जमलं नाही तर इचलकरंजीला मामाच्या कारखान्यात. मागावर. बारा तास खडखडाट. मला फक्त स्वतःचा एक कॅमेरा हवा होता. लग्नाच्या ऑर्डरी मी एकट्यानं घेतल्या असत्या. पण ‘धड’ कशाला म्हणायचं हे ठरवायचा अधिकार ज्यांचं स्वतःचं काही धड झालेलं नाही त्यांच्याकडंच असतो.

* * *

खेळ आणला अण्णांच्या अमेरिकेतल्या भाच्यानं. दोन हजार दोन-तीन साल असेल. तिकडं म्हणे लोक डोंगरात डबा लपवतात आणि बाकीचे जीपीएसचं यंत्र घेऊन तो शोधतात. भाचा यंत्र घेऊन आमच्याबरोबर शाहूवाडीकडच्या आमच्या नेहमीच्या वाटेवर आला. वर जांभ्या दगडाचा सडा आहे, लांबच लांब उघडं पठार. तिथं हा वीस मिनिटं यंत्र आभाळाकडं धरून गोल गोल फिरत होता. एक म्हातारा गुराखी काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

“काय हुडकताय पावणं?”

“सॅटेलाइट!”

म्हाताऱ्यानं शांतपणे सगळ्या पठारावर नजर फिरवली. “सकाळधरनं हितंच हाय मी. हिकडं न्हाय आलं कोण.”

* * *

भाचा गेला, यंत्रही गेलं. अण्णा म्हणाले, “यंत्र नसंना. फोटो हाईत की आपल्याकडं!”

नियम ठरला. अण्णा वाटेवर कुठंतरी श्रीखंडाचा रिकामा डबा लपवणार आणि आम्हाला ब्लॅक अँड व्हाइट फोटो देणार. पहिला फोटो जिथून काढला ती जागा शोधायची. तिथं उभं राहिलं की दुसऱ्या फोटोतलं काहीतरी दिसतं. तिकडं चालायचं. शेवटच्या फोटोतल्या जागी डबा.

पहिल्याच खेपेला अण्णांनी दोन नंबरला आपला एक जुनाच फोटो घातला. त्यात खूण म्हणून काय असेल? म्हैस! कड्याच्या टोकावर उभी, शिंगांमागं ढग. फोटो देखणा, यात वाद नाही. पण म्हैस काय वर्षभर तिथं उभी राहते?

सिस्टर म्हणाल्या, “अण्णा, पुढच्या टायमाला ढगाला खूण करा. म्हणजे मिटलंच.”

शेवटी वाडीत जाऊन फोटो दाखवला. एक शेतकरी बघतच राहिला. “ही आमची चंद्री! आरं, दोन वर्सं झाली इकून.” त्यानं धोतराला हात पुसून फोटो घेतला, आत नेला आणि बाहेर आला तो मोकळ्या हातानं. डबा त्या खेपेला सापडला नाही. चंद्री मात्र आजही त्यांच्या भिंतीवर आहे. शेजारी आजोबांचा फोटो आहे, तो जरा लहान आहे.

* * *

भूगोलाचे सर नकाशाशिवाय चपलाही घालत नसत. तीस वर्षं पोरांना त्यांनी उत्तर दिशा दाखवली. खिडकीकडं बोट करून! वर्गात उत्तर खिडकीत असते, डोंगरात खिडकी नसते, तिथं पंचाईत.

एकदा धुक्यात त्यांनी आम्हाला दीड तास चालवलं. “आता उजवीकडं झरा.” झरा नाही. “आता चढ.” उतार. शेवटी आम्ही निघालो होतो त्याच फाट्यावर, त्याच चहाच्या टपरीसमोर उभे! टपरीवाल्यानं न विचारता चार कप मांडले.

मी म्हणालो, “सर, नकाशा चुकला.”

सर गंभीरपणे म्हणाले, “नकाशा चुकत नाही. डोंगर सरकलाय!”

* * *

डार्करूममधला एक किस्सा माझा स्वतःचा. मी काय दुसऱ्यांचेच सांगणार?

लाल दिव्याखाली औषधाच्या पाण्यात कागद टाकायचा आणि वाट बघायची. आधी काहीच नाही. मग धुक्यातून यावं तसं एक कपाळ येतं, मग डोळे. कॉलेजात दोन वर्षांत मला कुणी असं काही दाखवलं नव्हतं. मी त्या पहिल्या आठवड्यात इतका हरवलो, की एका नवरीची निगेटिव्ह उलट्या बाजूनं घालून अख्खी ऑर्डर छापली. सासरा फोटो आपटत आला, “आमच्यात पदर डाव्या खांद्यावर असतोय! हिचा उजव्या खांद्यावर कसा? कुठल्या मुलखातली सून दिलीस आमाला?”

तो गेल्यावर अण्णांनी माझ्या डोक्यात टपली मारली. “चकचकीत बाजू वर, मळकट बाजू खाली. मेलास तरी इसरू नको.”

* * *

आता शेवटचा डबा.

त्या वर्षी अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छापायचं काम माझ्याकडं आलं. लोक मागून कुजबुजायचे, “अण्णाचं संपलं आता.” तरी डब्याचे फोटो मात्र त्यांनी आतून कडी लावून स्वतः छापले, आणि दिवाळीच्या आदल्या रविवारी टपरीवर बसून जाहीर केलं, “डबा जो आणंल, त्याला माझा कॅमेरा. मी काय आता वर येत न्हाय.”

बघा, म्हणजे परीक्षाच! कॅमेरा सरळ हातात द्यायचा तर यांचा हात दुखतो.

तीन फोटो दुपारपर्यंत सुटले. चौथा, शेवटचा, सुटेना. डावीकडं बैलाच्या वशिंडासारखा डोंगर, उजवीकडं एकटं झाड, मध्ये दगडांची रास. आणि राशीजवळ, सदरा घालून, छाती काढून, खुद्द आमचे भूगोलाचे सर उभे!

“सर, हे तुम्ही आहात!”

“हो, मीच आहे.”

“मग ही जागा कुठली?”

सरांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. “अरे, मी फोटोसाठी उभा होतो. जागेसाठी नाही!”

सिस्टर मटकन खालीच बसल्या. “सर, तुमी आता गपगार डबा खावा.” जेवणाचा, म्हणजे.

चार वाजले. पठारावर धुकं आलं. सड्यावर उरलीसुरली निळी-पिवळी फुलं, खळग्यांत साठलेलं पाणी, आणि कुठूनतरी, दिसत नसलेल्या गुरांच्या गळ्यातली घंटा. दिवाळी झाली की माग, हेही मी विसरलो. खळग्याच्या काठाला पालथा पडून फोटो बघत राहिलो. सरांचा सदरा. सदऱ्याचा खिसा. खिशात पेन.

खिसा सरांच्या उजव्या छातीवर.

मी उठून सरांच्या छातीकडं बघितलं. तोच सदरा, तेच पेन. खिसा डाव्या छातीवर!

फोटो पाण्यावर पालथा धरला. हलणारं पाणी हळूहळू थांबलं आणि त्यात डोंगर उजवीकडं गेला, झाड डावीकडं. मान वर केली. समोरचं धुकं लाल दिव्याखालच्या कागदासारखं उजळत होतं. आधी काहीच नाही. मग एक झाड आलं. मग दगड. मग सावकाश, उजवीकडून, ते वशिंड.

दिवसभरात आम्ही तिथून तीनदा गेलो होतो!

डबा राशीखाली होता. मी तो पोटाशी धरून धावत खाली आलो. अण्णा टपरीवर एकटेच होते, डोळ्यावर हिरवा चष्मा, गळ्यात कॅमेरा. मी डबा त्यांच्यासमोर आदळला.

“अण्णा, फोटो उलटा छापलाय तुमी.”

त्यांनी डबा जवळ ओढला.

“मुद्दाम छापला, का चुकला?”

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. अण्णांनी गळ्यातला कॅमेरा काढला, पट्टा व्यवस्थित गुंडाळला आणि कॅमेरा माझ्यापुढं धरला. पण सोडला नाही.

“डिप्लोमा,” ते म्हणाले, “कॅमेरा पायजे, का उत्तर?”