आनिकेचा डबा

मंडळी, आज मला माझीच लाज वाटतेय. कुणाला तरी सांगायचं म्हणून इथे लिहितेय.

इथे यूएईत, आमच्या अल ऐनच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये आनिके राहते, नेदरलँड्सची. मागच्या आठवड्यात तिने डबाभर बिटरबॉल्स दिले. लिंबाएवढे गोळे, वरून ब्रेडचा चुरा. "ऐन वेळी तळा आणि गरम असतानाच मस्टर्डमध्ये बुडवून खा," म्हणाली.

दार लावून मी आधी गूगल केलं. आत बीफ असतं म्हणे. आम्ही पक्के शाकाहारी. खलास, सगळे कचऱ्यात. डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरून दिले. वर हसून सांगितलं, "मस्त झाले होते, एकही उरला नाही."

आज दुपारी ती पुन्हा दारात. हातात आणखी मोठा डबा आणि मस्टर्डची बाटली. "तुम्हाला आवडले ना, म्हणून. याही वेळी मश्रूमचेच आहेत, अंडंसुद्धा नाही. तुमच्या मुलीला मी आधीच विचारून घेतलं होतं."

मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी तळले. वरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. माझी तर जीभ भाजली. लेक म्हणाली, "ममा, दीज आर सो गुड. लास्ट टाइमचे मला का नाही दिलेस?"

मी मस्टर्ड तिच्यापुढे सरकवली.

आनिकेने विचारलं होतं. मी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय. रिकामा परत करायचा नाही, एवढं आपल्याला शिकवलेलं असतं. पण या वेळी त्यात काय भरून नेऊ?