गंगम्माची साक्ष

उमरग्याच्या बाजूला गंगम्माच्या गावात बांगड्या भराव्यात त्या दावलसाब मणेरानंच. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा लहानपणी उसाच्या चरकात सापडून अर्धा गेलेला. तरी कुणाच्या मनगटाला कधी ओरखडा उठला नाही. गंगम्माच्या लग्नाचा चुडाही त्यानंच भरला होता.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांनी तिच्या नवऱ्याला, सिद्धेश्वरला, घराच्या दारातच भोसकलं. मारेकऱ्यांची तोंडं बांधलेली होती. त्यांची दहा वर्षांची लेक शिवकांता कणगीमागं दडली होती. तिला बापाची किंकाळी ऐकू आली, दिसलं काहीच नाही.

भाद्रपदात निजाम शरण आला आणि तोवर आतून कड्या लावून बसलेल्यांना एकदम शूरपण चढलं. गंगम्माचा दीर बंडप्पा दावलसाबला ओढतच चावडीवर घेऊन आला. ह्यानंच माझ्या भावाला मारलं, म्हणाला. साक्षीला उभी केली शिवकांताला. काकानं तिला आदल्या दिवसापासून पढवलं होतं. बापाचा सूड घेणं चांगलं असतं, एवढंच पोरीला समजलेलं.

"ह्येच व्हते," ती म्हणाली. तिच्या हातातल्या बांगड्याही त्यानंच भरलेल्या होत्या.

तेवढ्यात गंगम्मा आली. नवरा गेल्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. मोकळे हात पदराखाली न लपवता ती सगळ्या गड्यांसमोर उभी राहिली.

"पोरीनं काय बघितलं न्हाय. बघितलं म्या. भोसकणाराचा हात अजून माझ्या डोळ्यांपुढं हाय. त्याचा अंगठा धड व्हता. दावलभाऊ, हात दावा ह्यांला."

दावलसाबनं हात वर केला. तो अर्धा अंगठा गावानं जन्मभर बघितला होता; त्या दिवशी मात्र कुणालाच आठवायचा नव्हता.

"वहिनी, मालक कुणाचा मेला?" बंडप्पा ओरडला.

"माझा. म्हणूनच खोटं बोलणार न्हाय."

"पोरगी तर व्हय म्हणती!"

सगळे शिवकांताकडं वळले. अव्वा, तिची आई, तिला दटावत नव्हती, नुसती तिच्या तोंडाकडं बघत होती. शिवकांतानं काकाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

दावलसाबला सोडलं म्हणे. दिवस मावळायच्या आत त्याचं प्रेत ओढ्यात सापडलं.

गंगम्मानं पोरीवर हात उचलला नाही, बोलही लावला नाही. चूल पेटली नाही. नवऱ्यासाठी रडली होती तशीच ती भिंतीला टेकून रडत राहिली. त्यापेक्षा मार परवडला असता, असं शिवकांताला वाटलं.

सकाळी कुणाला न सांगता ती मणेराच्या दाराशी गेली. चावडीवर अव्वा कशी उभी होती, तेवढं आठवत ती थांबली. दावलसाबची बायको मदारबी भिंतीशी बसली होती, भोवती गल्लीतल्या बायका. त्या सगळ्यांच्या देखत शिवकांता मोठ्यानं बोलली, "चाची, म्या काय बघितलं नव्हतं. चावडीवर म्या खोटं बोलले."

एवढंच बोलायचं होतं. पण ते काल बोलायचं होतं.

मदारबीनं वर पाहिलं. मणेराच्या बायकोचे दोन्ही हात मोकळे होते, आणि उंबऱ्यापाशी हिरव्या काचांचा खच पडला होता. शिवकांता अनवाणी होती.

"पाय जपून ठेव, बेटा," मदारबी म्हणाली. "काचा हायत."