भावोजींचा पांढरा ब्रश

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, फोटो स्टुडिओत बसून लोकांना रेखीव करतात. त्यांची पद्धत ठरलेली. आधी कॉम्प्युटरवर अख्खा फोटो शार्प करायचा, मग काळा मास्क टाकून तो सगळा शार्पपणा झाकायचा आणि पांढऱ्या ब्रशने हवं तेवढंच उघडं करायचं. पापण्या, ओठांची कड, गळ्यातला हार. गालांना मात्र हात लावायचा नाही. "बाईचा गाल शार्प केला की गिऱ्हाईक परत येत नाही," हे तत्त्वज्ञान ते जेवताना ऐकवतात, आजाऱ्याला भेटायला गेल्यावरही ऐकवतात. आजारी माणूस बिचारा पळून कुठे जाणार?

ताईने शिवणक्लास काढायचं ठरवलं आणि कोपऱ्यावरची खोली भाड्याने घेतली. भावोजींनी लगेच बजावलं, "महिनाभरात कोणी आलं नाही तर खोली सोडायची आणि गप घरी बसायचं." आता सगळी भिस्त दारावरच्या बोर्डावर. घरातच एवढा मोठा कलावंत असताना बाहेर कोणाकडे जायचं? ताई मशीनपाशी बसून हसली, भावोजींनी फोटो काढला आणि ब्रश हातात घेतला.

बोर्ड लागला. काय सांगू! मशीनची सुई अशी, की बघणाऱ्याच्या बोटात घुसेल. दोऱ्याचा पीळ, चाकाची कड, कापडाचा काठ, सगळं लख्ख. आणि त्यामागे ताई, वाफ धरलेल्या आरशात दिसावी तशी. हसतेय की रडतेय, देव जाणे.

फोन मात्र खणखणायला लागला. "मशीन केवढ्याला देणार?" शिकायला एकही बाई फिरकली नाही. एका गृहस्थांनी तर घासाघीस करून वर स्टूल फुकट मागितलं.

शेवटी ताईने भावोजींना हाताला धरून बोर्डासमोर उभं केलं. "यात मी कुठे आहे?"

"अगं, सुरकुत्या झाकल्यात तुझ्या. उपकार मान."

"मला शिकवायचंय. सुरकुत्या दिसल्या तर लोकांना वाटेल तरी, की हिला काहीतरी येत असेल."

मी शेजारीच उभी होते. असा आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

भावोजी तणतणत स्टुडिओकडे निघाले, आम्हीही मागोमाग. त्यांनी मूळ फोटो उघडला, ताईचा चेहरा स्क्रीनभर मोठा केला आणि पांढरा ब्रश फिरवायला सुरुवात केली. पापण्या आल्या, डोळ्यांच्या कडा आल्या, सुरकुत्याही आल्या. भुवईपाशी त्यांचा हात थांबला.

"हा व्रण कशाचा गं?"

गावातल्या प्रत्येक नवरीच्या नाकावरची पुटकुळी ज्याला पाठ, तो माणूस हे विचारत होता. मला संताप आला.

"स्कूटरवरून पडले होते," ताई म्हणाली. "लग्न झालं त्याच वर्षी. तुम्ही चालवत होतात."

भावोजींनी तो व्रण स्क्रीनवर आणखी मोठा केला. मग हळूच म्हणाले, "मिटवू का?"

"नको," ताई म्हणाली. "शार्प करा."