चाळीसपैकी अकरा

परवा मंगळवारी गारखेड्यात मुलीच्या शाळेत पालकसभा होती. वेळ सकाळी अकराची... म्हणजे वाळूजच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करणाऱ्या बापानं सरळ सुट्टीच टाकायची. टाकली.

माझी ऋतुजा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस कँटीनच्या लाइनीत उभा होतो, तेव्हा मोबाईल वाजला. शाळेच्या ॲपवर प्रगतिपत्रक आलं होतं. बाकी सगळं ठीक, पण गणित भाग एक... चाळीसपैकी अकरा! खाली शेरा, 'अधिक सराव आवश्यक'.

घरी गेलो आणि चप्पल काढायच्या आधीच तोंड सोडलं. "बाबा, माझा पेपर चांगला गेला होता हो. शाळेत जाऊन बघा ना एकदा," एवढंच ती म्हणत राहिली. मी म्हटलं, सगळ्यांचेच पेपर चांगले जातात.

आमच्या वेळी तपासलेले पेपर वर्गात वाटायचे. कुठं चुकलं ते दिसायचं, बेरीज चुकली असेल तर सरांशी भांडता यायचं. यांच्या शाळेत यंदापासून ते बंद... मार्क थेट ॲपवर. ऋतुजा गणिताच्या मॅडमकडे जाऊन आली होती म्हणे, पण पेपर फक्त पालकांनीच मागायचा असा नियम. हेही तिनं मला सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं नाही.

उलट दुसऱ्या दिवसापासून तिचं खो-खो बंद केलं आणि संध्याकाळची शिकवणी लावली. त्याच आठवड्यात तालुक्याच्या संघाची निवड होती... ती हुकली. पुढचे तीन आठवडे पोरगी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

तर, परवाची सभा. रांगेत पाऊण तास, आणि नंबर लागल्यावर जेमतेम तीन मिनिटं. वर्गशिक्षकांनी मोबाईल उघडून मला तेच वाचून दाखवलं, जे मी तीन आठवडे रोज वाचत होतो. "गणितात कच्ची आहे. सराव घ्या."

मी विचारलं, सर, कशात कच्ची? कोणता धडा? त्यांनी स्क्रीन वर केली, खाली केली... तिथं अकराशिवाय काहीच नव्हतं. आणि तो शेरासुद्धा त्यांनी लिहिलेला नव्हता. मार्क भरले की ॲप आपोआप टाकतं! त्यांचाही काय दोष... सत्तर पोरं, वरून शाळेची बाकीची शंभर कामं.

पेपर बघायचाय म्हटलं. पेपर ऑफिसात जमा. ऑफिसात गेलो, तर क्लार्क म्हणाले, अर्ज द्या. अर्ज लिहिला, तर म्हणे कागदावर चालत नाही, ॲपवर रिक्वेस्ट टाका. टाकली. 'आपली विनंती नोंदवली आहे' असा मेसेज आला... क्लार्कच्या टेबलासमोर उभा असताना! पेपरांचं कपाट माझ्यापासून चार हातांवर.

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. तो ऐकून शेजारच्या खोलीतून गणिताच्या जाधव मॅडम आल्या. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि गठ्ठा काढला.

रोल नंबर तेवीस. ऋतुजा. पहिल्या पानावर लाल शाईत चौतीस.

मॅडमनी ॲप बघितलं, पुन्हा पेपर बघितला, आणि घाईघाईनं गठ्ठ्यातून बत्तीस नंबरचा पेपर ओढला. त्यावर अकरा होते. मार्क भरणाऱ्यानं तेवीसचे बत्तीसला आणि बत्तीसचे तेवीसला टाकले होते.

बत्तीस नंबर म्हणजे सबा. तिचे वडील सलीमभाई बाहेर रांगेतच होते. त्यांचं पडदे शिवायचं दुकान आहे. मॅडमसाठी मिठाईचा डबा घेऊन आले होते... लेकीला गणितात चौतीस मिळाले म्हणून.

मॅडमनी त्यांना आत बोलावून दोन्ही पेपर दाखवले. मला वाटलं, आता हा माणूस टेबल उलटं करणार. त्यांनी तो अकराचा पेपर स्वतःकडे ओढून घेतला.

"भाऊ, पोरगी पहिल्याच दिवशी म्हणली होती," ते मला म्हणाले. "अब्बा, ये नंबर मेरे नहीं हैं. मीच म्हणलो, चूप बैठ, ॲपवर आलंय ते काय खोटं असतं व्हय? लई मागं लागली होती शाळेत चला म्हणून."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "हे तुमच्या लेकीचं. घेऊन जा." मी नको नको म्हटलं, पण ते तोवर मॅडमकडे वळले होते. सबाला नेमकं काय येत नाही, ते पानं उलटून उलटून विचारत होते. बारा मिनिटं बोलले दोघं... त्या अख्ख्या सभेतलं मुलीबद्दलचं खरं बोलणं तेवढंच झालं.

मार्कांची दुरुस्ती? सत्र लॉक झालंय, आता वरून परवानगी लागेल. आज हे लिहितोय तोवर ॲपमध्ये ऋतुजाचे अकराच आहेत, आणि सराव अजूनही आवश्यक आहे!

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो. ती खूश होईल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "पेपर बघितला म्हणून विश्वास बसला ना, बाबा?"

शाळेला मी तीन पानी तक्रार लिहिली आहे, आणि तिचा पाठपुरावा करणारच. पण पोरीसाठी सध्या एवढंच ठरवलंय, उद्यापासून शिफ्ट सुटली की तिला खो-खोच्या मैदानावर सोडायला मी स्वतः जाणार.