पंचफुलाकाकूंची उरलेली अर्धी बादली

मंडळी, आज घास गेला नाही, म्हणून इथे लिहून राह्यलो.

मी एका पशुखाद्य कंपनीकडून गावोगाव फिरतो. दूध संकलन केंद्रासोबत आमची योजना आहे: गव्हाच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, युरियाचं पाणी शिंपडायचं, ते झाकून काही दिवस मुरवायचं, मग जनावरांना घालायचं.

काल किन्हीराजा गावच्या पंचफुलाकाकूंनी माझ्यासमोर सगळं केलं. माप बरोबर, ताडपत्री घट्ट. मी कौतुक केलं, फोटो काढला आणि निघालो.

आज सकाळी त्यांचा फोन आला. "बाबू, गाय गेली."

पोचलो तेव्हा काकू गोठ्यातच बसल्या होत्या. "तू सांगतलं तसंच केलं रे. अर्धी बादली पाणी उरलं होतं. फेकाव कायले? सरकीच्या ढेपीत कालवून देल्लं तिले."

मुरलेलं कुटार चालतं. ते पाणी तसंच पोटात गेलं तर विष. हे मी सांगितलंच नाही. आमच्या पत्रकातही नाही. आणि माझ्याच घरी भांड्यांचं धुवण गायीपुढेच जातं! उरलेलं कोणी फेकत नाही, हे मला कंपनीनं शिकवायला हवं होतं का?

"माह्यं काय चुकलं, बाबू?"

"तुमचं नाही काकू, माझं चुकलं."

गावात शिकवायला जाणाऱ्यांनो, तुमचं काय सांगायचं राहून जातं?

निघताना काकूंनी चहाचा कप पुढे केला.

"आज कोराच हाय," म्हणाल्या.